बोलून राहिली

"नाव काय तुझं, बेटा?"

"केतकी," मी म्हणाले.

मुख्याध्यापिकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग केतकीकडे. केतकी खुर्चीच्या अगदी कडेवर बसून बुटाचं टोक फरशीवर घासत होती.

"कितवीत आहेस?"

"तिसरीत. जूनमध्ये चौथीत जाईल," हेही मीच सांगितलं. "लाजाळू आहे हो जरा. नवी माणसं दिसली की गप्प होते."

"असू द्या. मुली शांतच बऱ्या," त्या हसून म्हणाल्या आणि तिच्या लेखी परीक्षेचा कागद पुढे ओढला. पन्नासपैकी एकोणपन्नास. त्यांनी चष्मा वर केला, कागद पुन्हा पाहिला आणि आमच्या हातात प्रवेशाचा फॉर्म दिला. आज चारच्या आत भरून आणला की काम झालं.

बाहेर पडल्यावर मी श्रीरंगला म्हटलं, "बघ! सगळं शहर या शाळेसाठी रांग लावतं म्हणे. आपल्याला अर्ध्या तासात मिळाली."

"तिला विचारलंस का, आवडली का ते?"

"न आवडायला काय झालंय?" मी म्हटलं.

सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली ही गोष्ट. श्रीरंग चिपळूणजवळ लोटे इथल्या कारखान्यात केमिस्ट होता आणि त्याची बदली नागपूरला, बुटीबोरीच्या नव्या कारखान्यात झाली होती. घर आणि शाळा ठरवायला आम्ही तीन दिवसांसाठी आलो होतो. तिसरा दिवस उजाडला होता आणि संध्याकाळची परतीची गाडी होती. माझ्या पर्समध्ये यादी होती. मी यादीवाली बाई आहे, त्यावरून माहेरी-सासरी दोन्हीकडे माझी भरपूर थट्टा झालेली आहे. नळाला पाणी किती वेळ, डॉक्टर किती लांब, शाळेचा दहावीचा निकाल, मैदान, बस दारात येते की नाक्यावर, असे सोळा मुद्दे. आधी शाळा ठरवायची आणि मग तिच्या आसपासची वस्ती, असा माझा बेत होता.

त्या सोळांत एक गोष्ट नव्हती. केतकी अडखळत बोलायची. पहिलं अक्षर तिच्या ओठांशी येऊन अडायचं आणि मान ताणली जायची. क तर तिचा वैरीच होता आणि नाव आम्ही केतकी ठेवून बसलो होतो. बारशाच्या दिवशी कुणाला काय कळतं! चिपळूणच्या शाळेतल्या बाई चांगल्या होत्या, मोठ्यानं वाचायची पाळी आली की तिला वगळून पुढे जायच्या. आम्हाला त्याचं बरंच वाटायचं. उरलेल्या ठिकाणी मी होतेच. दुकानात, लग्नात, दवाखान्यात तिला कुणी काही विचारलं की मी उत्तर द्यायचे. लेकीला लोकांसमोर तसं ताटकळू द्यायचं नाही, ही माझी प्रतिज्ञा होती आणि ती मी एकदाही मोडली नव्हती. पण आता ती नऊ वर्षांची होणार होती. नव्या गावात, नव्या शाळेत मी तिच्यासोबत बाकावर बसू शकणार नव्हते. म्हणून मला मोठी, शिस्तीची, कुणी कुणाला हसणार नाही अशी शाळा हवी होती.

"धांडेंनी सांगितलेली शाळा बघायची राहिली," श्रीरंग म्हणाला. धांडे त्याचे नव्या कारखान्यातले सहकारी. "मानेवाड्यात आहे. त्यांनी बाईंना सांगूनही ठेवलंय. तोंड तरी दाखवून येऊ."

"फॉर्म मिळालाय ना आता?"

"अगं, माणूस आपल्यासाठी शब्द टाकतो. जाऊन येऊ."

मानेवाडा तेव्हा नुसता वाढत होता. नागपुरात नव्या वसाहतीला ले-आऊट म्हणतात. एक ले-आऊट संपला की मोकळं रान, मग दुसरा ले-आऊट. शाळा दुमजली, बाहेरच्या भिंतीवर रंगवलेले पाढे. मैदान म्हणजे दोन रिकामे प्लॉट. मी मनातल्या मनात यादीतल्या मुद्द्यांवर फुल्या मारत आत शिरले.

गिऱ्हेपुंजे मॅडम पन्नाशीच्या असतील. चौथीचा वर्ग त्यांच्याकडे होता आणि शाळेचा कारभारही. मधली सुट्टी होती. टेबलावर खडूच्या डब्याशेजारी संत्रं सोलत बसल्या होत्या. त्यांनी अर्धं संत्रं केतकीच्या हातात दिलं आणि अर्धं माझ्यापुढे ठेवलं.

"काय नाव आहे बाई तुझं?"

"क्... क्..."

"केतकी," मी म्हणाले.

"कोणत्या वर्गात आहेस?"

"ति... ति..."

"तिसरीत."

मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग खुर्ची केतकीकडे वळवली, इतकी की त्यांचा खांदा माझ्याकडे आला. "सांग बरं, तुला काय काय आवडते?"

केतकीनं तोंड उघडलं. "चि... चि..." तिची मान ताणली गेली.

"चित्रं काढायला आवडतात तिला," मी म्हटलं.

मॅडम गर्रकन वळल्या. आवाज चांगला चढलेला. "थांबा न बाई! बोलून राहिली न ते!"

मला त्यातलं एवढंच ऐकू आलं, राहिली. आमच्याकडे राहिली म्हणजे संपलं. गाडी चुकली की माणूस राहतो, नापास झालं की मूल त्याच वर्गात राहतं. माझी मुलगी बोलायची राहिली, असं ही बाई तिच्याच तोंडावर सांगत होती! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उभी राहिले, केतकीचा दंड धरला आणि म्हटलं, "चल. आपल्याला उशीर होतोय."

श्रीरंग खिडकीतून मैदान बघत होता. "अगं, झालं काय?" म्हणत तो आमच्या मागे धावला.

रिक्षात मी त्याला काही बोलू दिलं नाही. "तुला ऐकू नाही आलं? मुलगी बोलायची राहिली म्हणे! शिक्षिका आहे का कोण आहे ही? आणि तुझे ते धांडे!"

"तसं म्हणाल्या त्या?"

"मी काय बहिरी आहे?"

केतकी आमच्या दोघांच्या मध्ये बसून तिच्या वाटणीचं संत्रं खात होती. बिया मुठीत जमवत होती. तिला काय वाटलं, ते मी विचारलं नाही.

तिथून आम्ही थेट ठवकरांकडे गेलो. सकाळच्या मोठ्या शाळेपासून दोन गल्ल्यांवर त्यांचं घर होतं आणि वरचा मजला भाड्यानं द्यायचा होता. माझ्या यादीतले सोळापैकी चौदा मुद्दे त्या घरात बसत होते. बेल वाजवली तर काकूंनी दार उघडलं. नऊवारीतल्या, ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू.

"या न, या! हे जेवून राहिले, मंग दाखवते घर. चाबी त्यांच्यापाशी आहे."

जेवून झालंय, म्हणजे उत्तम, असं समजून मी पर्स सावरून उभीच राहिले. काकू सोफ्याकडे हात करून म्हणाल्या, "बसा न." बसलो. पाच मिनिटं गेली. दहा गेली. काकांचा पत्ता नाही. सव्वादोन वाजले होते, चारच्या आत फॉर्म द्यायचा होता आणि माझा पारा आधीच चढलेला होता.

"काकू, त्यांचं जेवून झालंय ना?"

"कुठचं? जेवून राहिले म्हटलं न तुम्हाला."

"मग झालंच ना?"

काकू माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी उठून आतल्या दाराचा पडदा बाजूला सारला. आत ठवकरकाका पाटावर बसले होते. ताटात अर्धी पोळी, वांग्याची भाजी, वाटीत वरण. त्यांनी डावा हात हलवून आम्हाला बसायची खूण केली आणि पुढचा घास मोडला.

"हे पाहा," काकू म्हणाल्या. "जेवून राहिले."

श्रीरंगला आधी कळलं. "जेवतायत," तो हळूच म्हणाला. "अगं, जेवतायत ते अजून."

मी काकूंकडे वळले. "काकू, आणि एखादी मुलगी बोलून राहिली, असं कुणी म्हटलं तर?"

"तं बोलते आहे ते. बोलणं सुरू आहे तिचं."

"आणि 'थांबा न, बोलून राहिली न ते' असं म्हटलं तर?"

काकूंनी केतकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "म्हणजे मधात बोलू नका, बाई. तिचं व्हायचं आहे अजून."

मी सोफ्यावर बसून राहिले. आज इतक्या वर्षांनी सांगायला लाज वाटत नाही, पण तेव्हा मला भयंकर लाज वाटली. मी त्या बाईंवर चिडले होते, त्याची तर वाटलीच. पण खरी लाज निराळी होती. केतकी क्, क् करत उभी असायची, ते बोलणं आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. शब्द बाहेर पडला की बोलणं सुरू झालं, असं मी धरून चालले होते. त्याआधीचं सगळं म्हणजे संकट, त्यातून तिला ओढून बाहेर काढायचं. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मुलीला बोलताना पाहिलं होतं. आणि मी तिचा दंड धरून तिथून निघून आले होते.

"श्रीरंग, आपण परत जायचं."

"चिपळूणला?"

"मानेवाड्याला!"

काकूंना मी अडखळत अडखळत सगळं सांगितलं. आपलं घर हातचं जातंय, हे त्यांना कळलं असणारच. पण त्या म्हणाल्या, "गिऱ्हेपुंजेबाई? अवो, माझ्या नणंदेची दोन्ही पोरं तिच्याच हाताखालून गेली. मंग जा न लवकर, बसल्या काऊन?" आणि त्यांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर नणंदेचा पत्ता लिहून दिला. शाळेपासून चालत दहा मिनिटांवर घर, वरच्या दोन खोल्या रिकाम्या. "मी फोन करून ठेवते तिला. आमचं काय, आम्हाला भेटून जाईल कोणी."

गिऱ्हेपुंजे मॅडम वऱ्हांड्यातच भेटल्या. माझा चेहरा पाहून त्यांनीच सुरुवात केली. "संत्रं विसरल्या होत्या तुम्ही."

मी काय ऐकलं आणि काय समजले, ते एका दमात सांगून टाकलं आणि माफी मागितली. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "राहिली ऐकून रागावल्या होय! अन् मी समजली, संत्रं आंबट निघालं." मग खाली वाकून त्यांनी केतकीला विचारलं, "वर्ग पाहतेस माझा?" केतकीनं मान हलवली. "तुम्ही दोघं दारापाशी उभे राहा," त्या आम्हाला म्हणाल्या. "अन् एक सांगून ठेवते. माझ्या वर्गात जो उभा, त्याचंच बोलणं. तो खाली बसेपर्यंत कोणी बोलत नाही. मी पण नाही."

वर्गात चाळीसेक मुलं होती. मॅडमनी केतकीला पहिल्या बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, "पाहुणी आली आहे. विचारा काय विचारायचं ते."

लाल रिबिनी बांधलेली एक मुलगी उठली. "तू कोणत्या गावची आहेस?" विचारून ती खाली बसली.

केतकी उभी राहिली.

"चि..."

माझ्या तोंडात चिपळूण तयार होतं. मी दाराची कडी घट्ट धरली.

"चि... चि..."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमनी तिकडे नुसतं पाहिलं, बोलल्या नाहीत. बाकीची मुलं आपापल्या जागी बसून होती. एक जण पेन्सिलीला टोक काढत होता, एकीनं हनुवटी तळहातावर टेकवली होती. घाई कुणालाच नव्हती, पाहुणीला वेळ लागतोय एवढंच. मी मात्र घामाघूम झाले होते. अर्धं मिनिट असेल नाहीतर एक. मला ती अख्खी परीक्षा वाटली.

"चिपळूणची," केतकी म्हणाली.

मी श्वास सोडला. झालं, आता बसेल. पण ती बसली नाही. तिनं वर्गाकडे नीट पाहिलं, कुणी मध्ये बोलत नाही याची जणू खात्री करून घेतली आणि पुढे सुरू केलं.

"ति-तिथे नदी आहे. वा-वाशिष्ठी. तिच्यात म... म... म..."

मासे, मी मनात म्हटलं. मासे आहेत.

"मगर आहे. मी प-पाहिली."

मगर? श्रीरंग माझ्याकडे बघायला लागला आणि मी त्याच्याकडे. वर्गात एकदम तीस हात वर झाले, पण केतकी उभी होती, म्हणून तोंडं बंद. ती खाली बसल्यावर एक मुलगा ताडकन उठला. "केवढी होती?"

केतकी पुन्हा उभी राहिली. तिनं दोन्ही हात पसरून पाहिले. ते पुरेनात, तेव्हा ती बाकाबाहेर आली आणि तिथून फळ्यापर्यंत चालत गेली. "इ-इथपासून इथपर्यंत." चाळीस मुलांनी 'बापरे' म्हटलं, नियमबियम विसरून. माझी मुलगी फळ्यापाशी उभी राहून हसत होती. परक्या माणसांसमोर ती हसलेली मी कधी पाहिली होती, ते मला आठवेना.

निघताना मॅडमनी विचारलं, "घर कुठं घेता?" मी पाकिटावरचा पत्ता दाखवला. "चांगलं झालं. चालत येऊ द्या तिला. पोरं बसमध्ये कोंबली की ओरडतात नुसती. पायी जाताना एकमेकांशी बोलतात."

ते घर मी पाहिलंसुद्धा नाही. वेळच नव्हता. सोळा मुद्द्यांची यादी पर्समध्ये असलेल्या बाईनं न पाहिलेल्या दोन खोल्यांना फोनवरून होकार दिला. मोठ्या शाळेचा फॉर्म तसाच कोरा राहिला. मे महिन्यात आलो तेव्हा कळलं की नळाला पाणी एक तास येतं आणि दुपारी खोल्या भट्टीसारख्या तापतात. मी महिनाभर कुरकुरले. पण जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि साडेपाच वाजता खालच्या रस्त्यावरून पाच-सहा मुली येताना दिसायच्या आणि मधली एक थांबून, मान ताणून काहीतरी सांगत असायची. बाकीच्याही थांबलेल्या असायच्या. ते गॅलरीतून पाहिलं की माझी कुरकुर बंद व्हायची.

केतकी आज अकोल्याला माती तपासणीच्या प्रयोगशाळेत अधिकारी आहे. शेतकऱ्यांच्या सभांमध्ये बोलते. अजूनही अडखळते, क अजून तिचा वैरीच आहे. लोक थांबतात. जे थांबत नाहीत त्यांना ती थांबवते. यातलं किती गिऱ्हेपुंजे मॅडममुळे आणि किती तिचं स्वतःचं, हे मला सांगता येणार नाही. पण त्या बाईंनी माझ्यावर आवाज चढवला, हे माझ्यावर झालेले सर्वांत मोठे उपकार आहेत, असं मी मानते. आभार मात्र नीट मानता आले नाहीत. मानायला गेलं की त्या विषय संत्र्यावर घेऊन जायच्या. ठवकरकाकूंनाही दर संक्रांतीला भेटायला जायचे. त्यांना तर आपण काय केलं, हेच शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या संध्याकाळी गाडीत बसल्यावर श्रीरंग चहा आणायला उतरला. केतकी खिडकीशी बसली होती. मी तिला विचारलं, "मगर कधी पाहिलीस गं तू?"

"आ..." ती थांबली. माझ्याकडे बघून घेतलं. मी गप्प होते. "आजोबांबरोबर. गो-गोवळकोटला गेलो होतो तेव्हा."

म्हणजे दोन वर्षांपूर्वी. सासरे तिला धक्क्यावर फिरायला घेऊन गेले होते, ते मला आठवलं. ते कमी बोलणारे, त्यांनीही कधी काढलं नाही.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सां-सांगत होते की."

"कधी?"

"घ-घरी आल्यावर. तू पोळ्या करत होतीस." तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. झालं ते सांगत होती. "मी म... म... करत होते. तू म्हणालीस, मासे."

मला तो दिवस आठवला. ती धापा टाकत स्वयंपाकघरात आली होती, डोळे मोठे झालेले. मासे पाहिलेस होय, छान, हात धू आता, असं मी म्हणाले होते. तिनं मान हलवली होती. आणि जाऊन हात धुतले होते.

माझे डोळे भरून आले. मी ते पुसले नाहीत, कारण मी हलले असते तर ती बोलायची थांबली असती. "मग आता सांग," मी म्हटलं. "पहिल्यापासून सांग. मी काही बोलत नाही."

श्रीरंग चहा घेऊन आला, तेव्हा मी बोटानं त्याला गप्प बसवलं. गाडी हलली. धक्का, चिखल, आजोबांची छत्री, आधी लाकडाचा ओंडका वाटला तो, मग ओंडक्याचा उघडलेला डोळा, सगळं तिनं तिच्या वेगानं सांगितलं. मगर पाण्यात शिरली, तोवर वर्धा आलं होतं.